टास्क मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये ऑटोमेशन कसे बसवावे: एका बिलाच्या मंजुरीचा प्रवास

पुरवठादाराचे एखादे बिल तपासायला दहा मिनिटे लागतात, त्याला मंजुरी द्यायला दोन मिनिटे लागतात आणि पैसे वळते करायला फार तर आणखी पाच. तरीही तेच बिल नऊ-नऊ दिवस रेंगाळते. त्या नऊ दिवसांचा हिशेब मांडला तर असे दिसते की बिलावर काम जवळजवळ कधीच चाललेले नसते; ते कुणाच्या तरी पुढ्यात पडून असते आणि आपल्या पुढ्यात ते आहे याचा त्या व्यक्तीला पत्ताच नसतो. टास्क मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमधले ऑटोमेशन नेमके याच जागी कामाला येते. काम एका हातातून दुसऱ्या हातात जाते तो क्षण ऑटोमेशनने सांभाळायचा. काम करायचे आणि निर्णय घ्यायचा तो माणसानेच. हा भेद मनाशी पक्का असला की पुढची बरीच गुंतागुंत टळते, म्हणून या लेखात बिलमंजुरीचे एकच उदाहरण घेऊन ते पहिल्यापासून बांधून दाखवले आहे. ट्रेलो, आसना, जिरा, मंडे, क्लिकअप यांपैकी काहीही वापरत असलात तरी मेन्यूंची नावे तेवढी बदलतील, बांधणी तीच राहील.

आधी कागद, मग सॉफ्टवेअर

पहिल्यांदा कोणते काम निवडावे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. जे वारंवार येते, दर वेळी साधारण त्याच वाटेने जाते आणि चुकले तर दुरुस्त करता येते, असे काम घ्यावे. वर्षातून एकदा होणाऱ्या कामासाठी रूल, म्हणजे ‘असे घडले की असे कर’ ही सॉफ्टवेअरला दिलेली सूचना, लिहिण्यात वेळ घालवू नये, कारण ते काम पुन्हा येईपर्यंत माणसे, फील्ड (माहिती भरायचे रकाने) आणि बोर्ड (सगळी कामे मांडलेला पडदा) यांपैकी काहीतरी बदललेले असते आणि रूल चालतो की नाही हे ऐन वेळी कळते.

काम निवडले की त्याचा मार्ग लिहून काढावा. तो नियमावलीत पाहून लिहू नये. मागची वीस बिले काढून प्रत्येक बिल कुणाकडून कुणाकडे आणि कोणत्या तारखेला गेले ते नोंदवावे. वीसपैकी तेरा-चौदा बिले सरळ वाटेने गेलेली दिसतील. उरलेल्यांत एखादे बिल खरेदीच्या ऑर्डरशी जुळत नाही म्हणून परत पाठवलेले असेल, एखादे दोनदा आलेले असेल, एखाद्याला विभागप्रमुख रजेवर असल्यामुळे तोंडी मंजुरी मिळालेली असेल. या अपवादांना लगेच रूलमध्ये बसवण्याचा मोह होतो, तो आवरावा. ऑटोमेशन सरळ वाटेसाठी असावे आणि अपवादांसाठी एकच सोय असावी: ‘अडलेले’ असे एक स्टेटस, ज्यात गेलेले बिल एका ठरलेल्या माणसाला दिसेल आणि तो ते हाताने मार्गी लावेल.

स्टेटसची नावे

स्टेटस म्हणजे बोर्डवरचा कॉलम. त्याचे नाव वाचून काम कुणासाठी थांबले आहे हे कळले पाहिजे. ‘प्रक्रियेत’ हे स्टेटस निरुपयोगी आहे, कारण प्रक्रियेत तर सगळेच असते. ‘मंजुरी चालू’ हेही अर्धवट आहे, कारण कुणाची मंजुरी ते त्यातून कळत नाही. आपल्या उदाहरणासाठी सात स्टेटस पुरतात: ‘नवे आलेले’, ‘तपासणीसाठी’, ‘विभागप्रमुखांच्या मंजुरीसाठी’, ‘वित्तप्रमुखांच्या मंजुरीसाठी’, ‘पैसे देण्यासाठी’, ‘अडलेले’ आणि ‘पूर्ण’. पहिले आणि शेवटचे सोडले तर प्रत्येक स्टेटसमध्ये एकच व्यक्ती किंवा एकच भूमिका काम करणार आहे, हे लक्षात घ्यावे. एका स्टेटसमध्ये दोघांनी काहीतरी करायचे असेल तर त्याचे दोन तुकडे करावेत, नाहीतर ‘मला वाटले तुम्ही केले असेल’ हे वाक्य ऑटोमेशननंतरही ऐकू येत राहते.

फील्डबाबत एकच नियम: ज्या माहितीवर रूल चालणार आहे ती माहिती मोकळ्या मजकुरात ठेवू नये. रक्कम नंबर फील्डमध्ये, विभाग ड्रॉपडाउनमध्ये, मुदत डेट फील्डमध्ये आणि मंजुरी देणारा पर्सन फील्डमध्ये असावा. टास्कच्या वर्णनात ‘साधारण पन्नास हजारांचे बिल’ असे लिहिलेले माणसाला समजते, रूलला समजत नाही.

मराठीत बोर्ड चालवणाऱ्यांसाठी यात एक जास्तीची मेख आहे. रूलमध्ये ‘मजकुरात मंजूर हा शब्द असेल तर’ अशी अट घातली आणि कुणी घाईत ‘मंजुर’ असे ऱ्हस्व लिहिले, तर अट लागू होत नाही आणि काही चुकले असा इशाराही मिळत नाही. त्याहून फसवे प्रकरण म्हणजे डोळ्यांना एकच दिसणारी पण आतून वेगळी असलेली अक्षरे. ‘ॲडव्हान्स’मधले ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, २००८ साली, ५.१ आवृत्तीत, स्वतंत्रपणे आले. त्याआधी ते ‘अ’ला चंद्राची खूण जोडून लिहिले जाई आणि आजही काही कीबोर्ड तसेच लिहितात. दोन्ही पडद्यावर सारखी दिसतात, पण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द आहेत. म्हणून लेबल आणि पर्याय एकदाच तयार करून ड्रॉपडाउनमध्ये ठेवावेत, म्हणजे कुणाला ते पुन्हा टाइप करावेच लागत नाहीत. रक्कम भरताना इंग्रजी अंक (1, 2, 3) वापरायचे की देवनागरी, हेही आधीच ठरवून सगळ्यांना सांगावे; बरीच नंबर फील्ड देवनागरी अंक स्वीकारतच नाहीत.

ट्रिगर, अट आणि कृती

कोणत्याही सॉफ्टवेअरमधला रूल तीन भागांचा असतो: काय घडले की सुरू व्हायचे तो ट्रिगर, कोणत्या परिस्थितीत पुढे जायचे ती अट, आणि मग करायची ती कृती. ही रचना या सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेली नाही. डेटाबेसच्या जगात ती १९८० च्या दशकापासून ‘इव्हेंट, कंडिशन, ॲक्शन’ या नावाने चालत आली आहे. ट्रेलोमध्ये तिला बटलर म्हणतात, जिरामध्ये ऑटोमेशन, आसनामध्ये रूल्स. ट्रेलो आणि जिरा ही दोन्ही उत्पादने आज ॲटलासियन या एकाच कंपनीची असूनही त्यांतले रूल लिहिण्याचे पडदे इतके वेगळे का, याचे कारण असे की बटलर आणि जिराचे ऑटोमेशन या दोन्ही गोष्टी मुळात बाहेरच्या मंडळींनी बनवलेल्या होत्या आणि अनुक्रमे २०१८ आणि २०१९ मध्ये विकत घेतल्या गेल्या.

सर्वांत जास्त गोंधळ ट्रिगर आणि अट यांच्यात होतो. ‘स्टेटस तपासणीसाठी झाले’ ही घटना आहे. ती एका क्षणी घडते आणि संपते. ‘स्टेटस तपासणीसाठी आहे’ ही अवस्था आहे. ती कितीही दिवस राहू शकते. ट्रिगर घटनेवर लावायचा असतो, अट अवस्थेवर. हा फरक शब्दांचा खेळ वाटेल, पण नवशिक्याच्या बहुतेक रूलमधली चूक इथेच असते. उदाहरण पाहा. आपण असा रूल लिहिला: ‘स्टेटस विभागप्रमुखांच्या मंजुरीनंतर बदलले आणि रक्कम ५०,००० पेक्षा जास्त असेल, तर बिल वित्तप्रमुखांकडे पाठवा.’ तपासणी करणाऱ्याने घाईत आधी कार्ड (बोर्डवरची त्या बिलाची नोंद) पुढे सरकवले आणि रक्कम नंतर, दोन मिनिटांनी, भरली. दरम्यान विभागप्रमुखांनी मोबाइलवरून मंजुरी दिलीसुद्धा. रूल चालला तेव्हा रक्कम रिकामी होती. रिकाम्या फील्डला काही सॉफ्टवेअर शून्य धरतात आणि काही ठिकाणी तुलनाच फसते. कसेही झाले तरी मोठ्या रकमेचे बिल वित्तप्रमुखांना चुकवून पुढे गेले किंवा जागीच अडकले. रक्कम नंतर भरल्यावर रूल पुन्हा चालत नाही, कारण त्याची घटना घडून गेलेली असते.

यावर उपाय दोन आहेत आणि दोन्ही करावेत. पहिला म्हणजे रक्कम भरल्याशिवाय कार्ड ‘तपासणीसाठी’च्या पुढे जाऊच नये अशी व्यवस्था करावी, जिथे सक्तीचे फील्ड ठेवता येते तिथे ते ठेवावे, जिथे येत नाही तिथे ‘पुढे सरकले आणि रक्कम रिकामी आहे, तर मागे आणा आणि कारण कॉमेंटमध्ये लिहा’ असा रूल लावावा. दुसरा म्हणजे मोठ्या रकमेचा निर्णय शेवटच्या क्षणी न घेता बिल आत येतानाच घ्यावा, म्हणजे कार्ड कोणत्या वाटेने जाणार हे सर्वांना पहिल्यापासून दिसते.

प्रत्यक्ष बांधणी

बिल आत येण्याचा दरवाजा एकच ठेवावा आणि तो फॉर्म असावा. ईमेल, चॅट आणि टेबलावर ठेवलेला कागद असे तीन दरवाजे उघडे असतील तर पुढचे सगळे ऑटोमेशन लंगडे राहते. फॉर्ममध्ये पुरवठादाराचे नाव, बिल क्रमांक, बिलाची तारीख, रक्कम, विभाग आणि बिलाची प्रत एवढेच मागावे, आणि हे सगळे सक्तीचे करावे. यापेक्षा जास्त रकाने ठेवले की लोक फॉर्म टाळून पुन्हा चॅटवर बिल पाठवू लागतात.

त्यानंतर रूल एकेक करून लिहावेत, आणि सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी प्रत्येक रूल साध्या मराठी वाक्यात लिहून पाहावा. वाक्य एका श्वासात वाचता आले नाही तर तो एक रूल नसून दोन आहेत, असे समजावे. आपल्या बोर्डासाठी ही वाक्ये अशी होतील. फॉर्ममधून नवे कार्ड आले की त्याचे स्टेटस ‘तपासणीसाठी’ करा, तपासनिसाला नेमा आणि मुदत दोन कामाचे दिवस ठेवा. त्याच वेळी रक्कम ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर ‘दुहेरी मंजुरी’ हे लेबल लावा. तपासनिसाने कार्ड ‘विभागप्रमुखांच्या मंजुरीसाठी’ मध्ये सरकवले की विभागानुसार त्या विभागाच्या प्रमुखाला नेमा, मुदत नव्याने ठेवा आणि तपासनिसाचे नाव नेमणुकीतून काढा. विभागप्रमुखांनी मंजुरीच्या फील्डमध्ये ‘होय’ निवडले आणि लेबल नसेल, तर ‘पैसे देण्यासाठी’. लेबल असेल तर ‘वित्तप्रमुखांच्या मंजुरीसाठी’. ‘नाही’ निवडले तर ‘अडलेले’.

यातली तीन ठिकाणे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. ‘५०,००० किंवा त्याहून जास्त’ आणि ‘५०,००० पेक्षा जास्त’ यांत नेमक्या ५०,००० च्या बिलाचा फरक पडतो, आणि अशी गोल रकमेची बिले येतातच. म्हणून मर्यादेचे शब्द वित्त विभागाकडून लेखी घ्यावेत. कामाचे दिवस मोजण्याची सोय सगळीकडे सारखी नाही. बटलरमध्ये ‘वर्किंग डेज’ असे सांगता येते, पण जिथे नुसते दिवस मोजले जातात तिथे सुट्टीच्या आदल्या दिवशी आलेल्या बिलाची मुदत सुट्टीतच संपते आणि परतल्यावर कार्ड लाल दिसते. तिसरी गोष्ट म्हणजे आधीच्या माणसाचे नाव काढणे. हे पाऊल बहुतेक जण विसरतात. मग महिन्याभरात तपासनिसाच्या यादीत त्याचे काम केव्हाच संपलेली साठ कार्डे उरतात आणि त्याच्या खऱ्या सहा कार्डांकडे त्याचेच लक्ष जात नाही.

माणसांची नावे रूलमध्ये थेट लिहू नयेत. शक्य असेल तिथे भूमिका किंवा गट वापरावा, किंवा कोणत्या विभागाची मंजुरी कोण देतो याची एकच नोंद एका ठिकाणी ठेवून रूलने तिथून नाव उचलावे. हे जमत नसेल तर निदान विभागाप्रमाणे नेमणूक करणारा रूल एकच असावा; तेच नाव सात रूलमध्ये विखुरलेले असले की बदली झाल्यावर सहा सापडतात आणि सातवा गेलेल्या माणसाला काम पाठवत राहतो. रजेसाठी पर्यायी मंजुरी देणाऱ्याचे वेगळे फील्ड ठेवावे. मात्र रजेवर कोण आहे हे ओळखून आपोआप काम वळवण्याच्या फंदात सुरुवातीला पडू नये. मुदत उलटलेले कार्ड पर्यायी व्यक्तीला दिसणे एवढे पुरते.

आठवणींचे प्रमाण

घटनेवर चालणाऱ्या रूलइतकेच वेळेवर चालणारे रूलही लागतात: मुदतीच्या आदल्या दिवशी आठवण करा, मुदत उलटली की वरच्या माणसाला कळवा. इथे हात फार आखडता ठेवावा लागतो. मी स्वतः एका बोर्डावर असा रूल लावला होता की मुदत उलटलेल्या प्रत्येक कार्डाची नोटिफिकेशन रोज सकाळी नऊ वाजता कार्डाशी संबंधित सगळ्यांना जावी. पहिल्या आठवड्यात कामाला वेग आला आणि मला माझेच कौतुक वाटले. तिसऱ्या आठवड्यात एका सहकाऱ्याने सहज सांगितले की त्या मेलसाठी सगळ्यांनी फिल्टर लावून वेगळा फोल्डर केला आहे. त्या फोल्डरमध्ये जी दोन खरोखर तातडीची बिले बुडाली, ती मला पुरवठादाराच्या फोनवरून कळली.

त्यानंतर मी तीन पथ्ये पाळतो. आठवण फक्त त्याच व्यक्तीला जावी जिने पुढचे पाऊल उचलायचे आहे. अनेक कार्डांच्या अनेक आठवणींऐवजी दिवसाला एकच यादी जावी. आणि प्रत्येक संदेशात काय करायचे ते स्पष्ट लिहिलेले असावे. ‘टास्क अपडेट झाला आहे’ हा संदेश कुणी उघडत नाही. ‘बिल क्रमांक अमुक, रक्कम अमुक, आपली मंजुरी उद्यापर्यंत हवी’ हा उघडला जातो. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये संदेशाच्या मजकुरात फील्डमधली माहिती आपोआप भरण्याची सोय असते. जिरामध्ये तिला स्मार्ट व्हॅल्यू म्हणतात. ती वापरायला अर्धा तास शिकावे लागले तरी तो अर्धा तास वसूल होतो.

वेळेवर चालणारा रूल लावताना ती वेळ कोणत्या टाइमझोनची धरली जाते हेही तपासावे: खात्याची, रूल बनवणाऱ्याची, की यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची. हे न पाहिल्यास सकाळची आठवण रात्री-अपरात्री जाऊ शकते आणि सकाळपर्यंत ती इतर मेलांखाली गाडली जाते.

चाचणी

तयार रूल थेट चालू बोर्डावर सोडू नये. बोर्डाची प्रत काढून तिच्यात खोटी बिले टाकावीत, आणि ती मुद्दाम वाकडी असावीत. एक रिकाम्या रकमेचे, एक नेमक्या मर्यादेवरचे, एक परत पाठवून पुन्हा पुढे आलेले, एक असे की ज्याच्या विभागाला प्रमुखच नेमलेला नाही, आणि एक असे की ज्याचे स्टेटस कुणीतरी चुकून पुढे नेऊन लगेच मागे आणले आहे. सरळ बिल चालले याचा फार आनंद मानू नये. ते चालणारच होते.

माझ्या मते सर्वांत उपयोगी पण क्वचितच वापरली जाणारी युक्ती अशी आहे: पहिले आठ-दहा दिवस रूलला कृती करूच देऊ नये, त्याला फक्त कॉमेंट लिहू द्यावी. ‘रूल चालू असता तर हे बिल आता वित्तप्रमुखांकडे गेले असते’ अशी कॉमेंट खऱ्या कार्डांवर पडत राहते, माणसे नेहमीप्रमाणे हाताने काम करतात, आणि रूलचे म्हणणे व माणसाची कृती कुठे वेगळी पडली ते डोळ्यांसमोर येते. त्या फरकांतून प्रक्रियेचे न लिहिलेले नियम सापडतात. कुणीतरी सांगते, ‘या पुरवठादाराची बिले आम्ही मर्यादेच्या आत असली तरी वरपर्यंत पाठवतो.’ हे नियमावलीत कुठेच नसते, आणि वीस जुन्या बिलांतही सुटलेले असू शकते.

चाचणीच्या काळात लॉग वाचायची सवय लावावी. प्रत्येक वेळी रूल केव्हा सुरू झाला, अट लागू झाली का, कृती झाली का, हे तिथे दिसते. जिराच्या ऑडिट लॉगमध्ये ‘नो ॲक्शन्स परफॉर्म्ड’ असे आले तर रूल बिघडला असे समजू नये. ट्रिगर आला पण अट जुळली नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. जे कार्ड पुढे जायला हवे होते त्याच्या नावासमोर असे दिसले, तर आधी अटीतले फील्ड आणि त्यात नेमके काय भरले आहे ते पाहावे. लॉगमध्ये त्या कार्डाची नोंदच नसेल, तर दोष ट्रिगरमध्ये आहे. कुठे शोधायचे हे अशा रीतीने दोन मिनिटांत ठरते.

रूलने रूलला हाक मारणे

रूल दोन-तीन असेपर्यंत सगळे सुरळीत असते. ते दहा-बारा झाले की एका रूलची कृती दुसऱ्याचा ट्रिगर ठरू लागते. एक रूल म्हणतो, ‘स्टेटस तपासणीसाठी झाले की तपासनिसाला नेमा.’ दुसऱ्या कुणीतरी, चांगल्याच हेतूने, लिहिलेले असते, ‘नेमलेली व्यक्ती बदलली की स्टेटस तपासणीसाठी करा.’ काही सॉफ्टवेअरमध्ये असे रूल एकमेकांना हाक मारत बसतात आणि महिन्याचा ऑटोमेशनचा कोटा दुपारपर्यंत संपू शकतो. अनेक सॉफ्टवेअरमध्ये महिन्याला किती वेळा रूल चालतील यावर प्लॅनप्रमाणे मर्यादा असते, म्हणून हा केवळ तांत्रिक गोंधळ राहत नाही. कोटा संपला की चांगले रूलही थांबतात. जिराने यासाठी दुसऱ्या रूलच्या कृतीने हा रूल सुरू होऊ द्यायचा का, असा पर्याय प्रत्येक रूलमध्ये ठेवला आहे आणि तो मुळात बंद असतो. तो बंदच राहू द्यावा. जिथे असा पर्याय नाही तिथे ‘हे आधीच झालेले नसेल तरच’ अशी अट प्रत्येक कृतीआधी घालावी: तपासनीस आधीच नेमलेला नसेल तरच नेमा, लेबल आधीच नसेल तरच लावा.

एकाच घटनेवर दोन रूल लागू होत असतील तर त्यांतला कोणता आधी चालेल यावर विसंबू नये. क्रम महत्त्वाचा असेल तर दोन्ही कृती एकाच रूलमध्ये एकाखाली एक ठेवाव्यात.

बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडणी

बिल मंजूर झाल्यावर त्याची नोंद हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हावी, अशी मागणी लवकरच येते. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये थेट जोडणी नसेल तर झेपियर, मेक, पॉवर ऑटोमेट यांसारख्या मध्यस्थ सेवा वापरता येतात. यांची जुनी नावे शोधताना भेटतील म्हणून सांगतो: मेक २०२२ पर्यंत इंटिग्रोमॅट होते आणि पॉवर ऑटोमेट २०१९ पर्यंत मायक्रोसॉफ्ट फ्लो. जोडणी दोन प्रकारे चालते. एका प्रकारात मध्यस्थ दर काही मिनिटांनी ‘काही नवे आहे का’ असे विचारत राहतो. दुसऱ्या प्रकारात, ज्याला वेबहुक म्हणतात, घटना घडताच बोर्ड स्वतः मध्यस्थाला कळवतो. पहिल्यात थोडा उशीर असतो. दुसऱ्यात उशीर नसतो, पण समोरून वेळेत पोच मिळाली नाही तर बऱ्याच सेवा तोच संदेश पुन्हा पाठवतात आणि एकाच बिलाची नोंद दोनदा होते. पैशाच्या बाबतीत हे परवडणारे नाही. म्हणून नोंद करण्याआधी त्या पुरवठादाराचे त्याच क्रमांकाचे बिल आधीच नोंदलेले आहे का, हे शोधण्याचे पाऊल मध्ये घालावेच.

जोडणी कुणाच्या खात्यावरून केली आहे हे लिहून ठेवावे. एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक लॉगिनवर बांधलेली जोडणी तो नोकरी सोडून जातो आणि त्याचे खाते बंद होते त्या दिवशी, कुणालाही न सांगता, तुटते. यासाठी संस्थेच्या नावाचे वेगळे खाते ठेवावे आणि त्याला लागतील तेवढ्याच परवानग्या द्याव्यात. याचा आणखी एक फायदा असा की कार्डाच्या इतिहासात माणसाने केलेला बदल कोणता आणि रूलने केलेला कोणता हे वेगळे दिसते. लेखापरीक्षणात हा प्रश्न हमखास येतो.

मंजुरी मात्र कधीही रूलने देऊ नये. ‘रक्कम अगदी लहान असेल तर आपोआप मंजूर करा’ अशी सूचना कुणीतरी करतेच. तसे करायचे असेल तर लहान रकमांना मंजुरीच लागत नाही, असा धोरणात्मक निर्णय अधिकार असलेल्या व्यक्तीने आधी लेखी घ्यावा. कार्ड पुसून टाकणे आणि बाहेरच्या व्यक्तीला मेल पाठवणे, या दोन कृतीही बराच काळ हातातच ठेवाव्यात, कारण त्या मागे घेता येत नाहीत.

देखभाल

रूलला ‘रूल ३ नवा अंतिम’ असे नाव देऊ नये. ‘बिल: तपासणी पूर्ण झाली की विभागप्रमुखाला नेमणे’ असे, काय घडल्यावर काय होते ते सांगणारे नाव द्यावे, आणि वर्णनात कोणी, केव्हा आणि कुणाच्या सांगण्यावरून केला ते लिहावे. सगळ्या रूलची एक यादी बोर्डाबाहेर असावी आणि ती एका माणसाच्या जबाबदारीची असावी. रूल बदलण्याची परवानगीही त्याला आणि आणखी एकालाच असावी.

महिन्यातून एकदा प्रत्येक स्टेटसमध्ये कार्डे सरासरी किती दिवस थांबली हे पाहावे. एकूण किती बिले झाली हा आकडा इथे फारसे काही सांगत नाही. थांबण्याचा काळ सांगतो. तपासणीतला काळ दोन दिवसांवर आला आणि विभागप्रमुखांकडचा मात्र पाचच राहिला, तर आठवणी वाढवून काही होणार नाही. त्यांच्याशी बोलावे, कदाचित त्यांना मंजुरी देण्यासाठी जी खरेदीची ऑर्डर पाहावी लागते ती कार्डाला जोडलेलीच नसते, आणि ती शोधण्यात त्यांचा वेळ जातो. फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला की हा पाच दिवसांचा खोळंबा मिटू शकतो.

एखादा रूल नकोसा झाला तर तो लगेच पुसू नये, आधी बंद करावा. बंद करताना त्या रूलच्या भरवशावर मध्येच उभी असलेली कार्डे कोणती आहेत ते फिल्टर लावून काढावे आणि ती एकदा हाताने पुढे सरकवावीत, कारण ज्या घटनेची ती वाट पाहत असतात तिला आता कुणी प्रतिसाद देणार नसते. महिनाभर काही अडले नाही तर मग तो पुसावा आणि यादीत त्याच्यापुढे तारीख लिहावी.